हलकी गाडी, जड निवड

कोल्हापुरात टू-स्ट्रोकवर वाद घालायला निमित्त लागत नाही. रस्त्याकडेला एखादी आरएक्स हंड्रेड येऊन थांबली, की तिचा पिस्टन कितवा, सायलेन्सर कंपनीचा की बाहेरचा, कागद चालू आहेत की लॅप्स, अशी चौकशी सुरू होते आणि चार जण आपोआप जमतात. हा नाद जुना आहे. त्याला आता जोड मिळाली आहे ती रानवाटांची. डांबरी सोडून पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड या तालुक्यांतल्या पाणंदी, बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि ओढ्याकाठच्या वाटा धुंडाळणाऱ्यांना एन्ड्युरो शर्यतींचे परदेशी व्हिडिओ भुरळ घालतात आणि प्रश्न पडतो, की ट्रेलसाठी टू-स्ट्रोकच घ्यावी का, आणि घ्यायची तर कुठली? या प्रश्नाचं सरळ उत्तर कटू आहे. रस्त्यावरून कायद्याने रानवाटेपर्यंत जाऊ शकेल अशी टू-स्ट्रोक आपल्याकडे आहे, पण ती रानवाटेची गाडी नाही. रानवाटेची म्हणावी अशी टू-स्ट्रोक जगात आहे आणि ती अव्वल आहे, पण तिला आपल्या रस्त्यावर यायची मुभा नाही. त्यामुळे गाडी निवडण्याआधी ती कुठे चालवायची हे ठरवावं लागतं, आणि ते प्रामाणिकपणे ठरवलं तर बहुतेकांच्या वाट्याला हलकी फोर-स्ट्रोक येते. टू-स्ट्रोकची जागा बंदिस्त मैदानात आहे. हे म्हणणं कोल्हापूरकरांना पटणार नाही याची कल्पना आहे, म्हणून ते पायरीपायरीने मांडायला हवं.

इंजिन काय करतं

टू-स्ट्रोकवरचं प्रेम आंधळं नाही, त्यामागे यांत्रिकी आहे. फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टन दोनदा वर आणि दोनदा खाली जातो तेव्हा एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये एकदा वर आणि एकदा खाली गेला की स्फोट ठरलेला. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. सिलिंडरच्या भिंतीत पोर्ट म्हणजे खिडक्या असतात आणि पिस्टनच जाता-येता त्या उघडतो, झाकतो. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी खाली क्रँककेसमध्ये येतं आणि पिस्टनच्या दाबाने वर ढकललं जातं. सुटे भाग कमी, त्यामुळे इंजिन छोटं, हलकं आणि उघडायला सोपं. ताकदीचा फरक पाहायचा तर एकाच वर्षातल्या दोन गाड्या शेजारी ठेवाव्यात. १९८५ मध्ये एस्कॉर्ट्स आणि यामाहाने आरएक्स १०० आणली आणि त्याच वर्षी हीरो होंडाची सीडी १०० आली. दोन्हींची इंजिनं शंभर सीसीच्या आतली. सीडीची ताकद सात-साडेसात अश्वशक्ती, आरएक्सची अकरा. देशाने शेवटी ॲव्हरेज देणाऱ्या सीडीला मत दिलं, पण ज्यांना चढावर गाडी ‘उचलायला’ हवी होती त्यांच्या मनातून आरएक्स उतरली नाही. १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तिच्या मागून आलेली आरएक्स १३५ सुद्धा दोन हजारच्या दशकाच्या मध्यापर्यंतच टिकली. आज नीट राखलेल्या आरएक्ससाठी लोक लाखाच्या पुढे पैसे मोजतात.

त्या सोप्या रचनेतच दोषही आहे. नवं मिश्रण आत येत असताना जळलेला वायू बाहेर जाण्याची खिडकी उघडीच असते, त्यामुळे थोडं पेट्रोल न जळताच निसटतं. क्रँककेसमध्ये ऑइल साठवता येत नाही, ते पेट्रोलबरोबर पाठवावं लागतं आणि तेही धूर होऊन जातं. निसटणारं मिश्रण अडवायची युक्ती पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन या अभियंत्याने १९५० च्या दशकात परिपूर्ण केली. एक्झॉस्टची नळी मध्ये फुगवून पुढे निमुळती केली, की दाबाची लाट उलटी फिरते आणि बाहेर पडलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. १९६१ मध्ये काडेनचा रेसर अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेला पळून गेला आणि सुझुकीला मिळाला, आणि पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसी गटाचं जगज्जेतेपद घेतलं. जपानी टू-स्ट्रोकच्या सुवर्णकाळाची सुरुवात ती. हा इतिहास सांगायचं कारण आपल्या गल्लीतलंच आहे. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा इंजिनचाच अवयव असतो. त्याची लांबी, फुगवटा आणि आतली नळी त्या सिलिंडरसाठी मापून ठरवलेली असते. तो कापला किंवा आतला बॅफल उपसला, की आवाज वाढतो आणि खालच्या आरपीएमवरची ओढ जाते. म्हणजे ट्रेलवर ज्याची सर्वांत जास्त गरज, तेच पैसे देऊन घालवायचं.

आणखी एक गोष्ट या लाटेतूनच येते. लाट ठरावीक वेगालाच बरोबर वेळ साधते, म्हणून टू-स्ट्रोकची ताकद एका पट्ट्यात एकवटते. आरएक्स १०० ची जास्तीत जास्त ओढ साडेसहा हजार आरपीएमला आणि जास्तीत जास्त ताकद साडेसात हजाराला मिळते. डांबरी चढावर गिअर कमी करून पीळ मारली, की हा पट्टा सापडतो आणि गाडी उसळते. जांभ्याच्या पायऱ्यांवर मात्र चालण्याच्या वेगाने, दोन-तीन हजार आरपीएमवर ओढ लागते. शंभर सीसीत ती नसते. मग क्लच घासत, इंजिन किंचाळत ठेवावं लागतं. याउलट केटीएम ३०० ईएक्ससीच्या २९३ सीसी सिलिंडरमध्ये इतका ऐवज असतो, की पट्टा खालपासूनच भरलेला मिळतो. ऑस्ट्रियातल्या एर्झबर्गसारख्या खडतर शर्यतीत तीनशे सीसीच्या टू-स्ट्रोक वर्षानुवर्षं पुढे असतात त्या यामुळे. त्यांचे व्हिडिओ बघून आरएक्सची किंमत विचारणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं, की इंजिनाची जात एक असली तरी काम वेगळं आहे.

वाट काय मागते

कोल्हापूर जिल्ह्याची जमीन पूर्व-पश्चिम अशी दोन तोंडांची आहे. शिरोळ-हातकणंगल्याकडे उसाची काळी माती, पश्चिमेला तांबडी माती आणि जांभा. शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि ५५ किलोमीटरवरच्या गगनबावड्यात त्याच्या पाचपट. पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटून मडगार्डमध्ये घट्ट बसते, शेवाळलेल्या जांभ्यावर चाक टिकत नाही. पावसाळ्यानंतर वाटेवर उरतात त्या पाण्याने कापलेल्या चऱ्या, सुटे गोटे आणि फूटभर उंचीच्या पायऱ्या. अशा वाटेवर वेग फारसा नसतोच. गाडी मिनिटामिनिटाला थांबते, तिरपी होते, पडते, आणि ती उचलणारा माणूस बहुधा एकटाच असतो. म्हणून ट्रेलच्या गाडीचा पहिला निकष वजन. दुसरा, संथ वेगातली ओढ. तिसरा, शॉकअप किती मिलिमीटर खालीवर होतात आणि इंजिनचं पोट जमिनीपासून किती उंच आहे. चौथा निकष आपण सह्याद्रीच्या कडेला राहतो म्हणून येतो : उतारावर गाडी किती आवरते. जास्तीत जास्त ताकद या यादीत बरीच खाली येते.

वजनाच्या निकषावर आरएक्स १०० पहिली येते, शंभर किलोच्या आसपास. कुणीही एकट्याने उचलावी. पण पुढे ती अडखळते. जमिनीपासूनची उंची जेमतेम १३६ मिलिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. दोन्ही चाकं अठरा इंची आणि टायर अरुंद, तर ट्रेलच्या गाडीला पुढे एकवीस इंची चाक लागतं, ते गोट्यावर आपटण्याऐवजी चढून जातं. शॉकअप शहरातल्या खड्ड्यांपुरते. ब्रेक दोन्हीकडे ड्रमचे, ओढ्यात भिजले की काही वेळ नावापुरते. आणि उताराचा प्रश्न तर टू-स्ट्रोकच्या स्वभावातच आहे. फोर-स्ट्रोक गाडी गिअरमध्ये टाकून थ्रॉटल सोडली, की इंजिन तिला मागे खेचून धरतं. टू-स्ट्रोकमध्ये ही पकड फार कमी. वर ज्यांनी ऑइलपंप काढून टाकून पेट्रोलमध्येच ऑइल कालवायची पद्धत धरली आहे, त्यांच्यासाठी लांब उतार हा धोका आहे. थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल जवळजवळ बंद आणि म्हणून ऑइलही बंद, आणि चाकं मात्र इंजिनला जोरात फिरवत असतात. अशात पिस्टन चिकटतो. घाटातून उतरताना मध्येमध्ये क्लच दाबून थ्रॉटल किंचित मोकळा करायची जुन्या टू-स्ट्रोकवाल्यांची सवय उगाच पडलेली नाही.

इथे पहिला आक्षेप येतो : आरएक्स आहे तशी कोण चालवतं? उंच फोर्क घालावेत, पुढे मोठं चाक, मागे लांब शॉकअप, मोठा स्प्रॉकेट, गोटीचे टायर, झाली ट्रेल बाईक. वर्कशॉपमध्ये हे होतं, त्यात शंका नाही. पण फ्रेम त्या भाराचा हिशोब करून बनवलेली नसते. पुढचा भाग उंचावला की हँडलचा कोन बदलतो, आणि साठ किलोमीटरच्या वेगाला याच बदलामुळे गाडी डोलायला लागते. दुसरं म्हणजे ती गाडी ट्रेलपर्यंत रस्त्यावरूनच जाणार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला जाते, त्यासाठी ती आरटीओच्या निरीक्षकापुढे उभी करावी लागते. मूळ अवस्थेतली आरएक्स तिथून सुटते. ३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकींना पीयूसीत ४.५ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि ९,००० पीपीएम हायड्रोकार्बनपर्यंत सवलत आहे, म्हणजे कायद्याने तिच्या वयाचा मान राखला आहे. फेरफार केलेली आरएक्स मात्र तो मान गमावते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात नकाराचं कारण देते. शिवाय उत्पादन थांबून तीन दशकं होत आली असताना सुस्थितीतली एक आरएक्स कापून निकृष्ट ट्रेल बाईक बनवणं हा व्यवहारही आतबट्ट्याचाच.

उद्यमनगरचा मुद्दा

दुसरा आक्षेप कोल्हापूरचा खास आणि वजनदार आहे. इथे टू-स्ट्रोक सांभाळता येते, असं म्हणतात. ते खरं आहे. शिवाजी उद्यमनगरातल्या मशीन शॉपनी, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींनी शेतीपंपांच्या इंजिनांपासून मोटारींच्या सुट्या भागांपर्यंत ओतकाम आणि बोरिंगचं काम पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. आरएक्सचा बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५० मिलिमीटर, सिलिंडरमध्ये बिडाचा लायनर. पिस्टन चिकटला, भिंतीला ओरखडे आले, तर पाव मिलिमीटरने बोअर वाढवायचा, होनिंग करायचं, पुढच्या मापाचा पिस्टन आणि रिंगा टाकायच्या. पाव, अर्धा, पाऊण, एक, अशी चार आयुष्यं त्या सिलिंडरला मिळतात. ‘पिस्टन कितवा’ या प्रश्नाचा अर्थ हाच, की गाडीचं किती आयुष्य खर्च झालं. पण हाच कसबी हात परदेशी टू-स्ट्रोकपुढे थबकतो, कारण आधुनिक स्पर्धेच्या गाडीत बिडाचा लायनर नसतो. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा काही शतांश मिलिमीटरचा मुलामा असतो. तो एकदा खरवडला की बोअर वाढवून भागत नाही. पुन्हा मुलामा द्यावा लागतो किंवा सिलिंडरच बदलावा लागतो. तिचा पिस्टन बदलण्याचा काळ किलोमीटरमध्ये नाही, तासांत मोजतात. म्हणजे उद्यमनगरचा मुद्दा आरएक्सच्या बाजूने जातो, पण ट्रेलला लायक टू-स्ट्रोकच्या बाजूने जात नाही.

आणि सांभाळण्याचं गणितही आता बदललं आहे, त्यात आपल्या जिल्ह्याचा हात आहे. पंपावर मिळणारं पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं, आणि इथल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या त्याच इथेनॉलचा पुरवठा करतात. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवेचे साधारण १४.७ भाग लागतात, ई-२० ला साडेतेरा. जुन्या कार्बोरेटरला हे कळायची सोय नाही. तो पूर्वीच्याच मापाने हवा देतो, म्हणजे मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडतं. टू-स्ट्रोकमध्ये पातळ मिश्रण म्हणजे जास्त उष्णता. मेन जेट एक-दोन नंबरने वाढवावा लागतो आणि तो बरोबर बसला की नाही हे प्लग काढून पाहावं लागतं. प्लगच्या चिनीमातीचा रंग चॉकलेटी असेल तर ठीक, ओला काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर इंजिन सीझ व्हायच्या वाटेवर. इथेनॉल हवेतला दमटपणा ओढून घेतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी-इथेनॉलचा थर वेगळा बसतो आणि जुन्या रबरी वॉशर, नळ्या फुगतात. हे सगळं निस्तरता येतं, पण त्यासाठी लक्ष देणारा मालक लागतो. ऑइलचं मापही अंदाजाने चालत नाही. चाळीसास एक हे प्रमाण धरलं तर एका लिटरला २५ मिलिलिटर, पाच लिटरला १२५. झाकणाने ओतणाऱ्याची गाडी एक तर धूर ओकते, नाही तर पिस्टन खाते.

खरी टू-स्ट्रोक आणि तिचं अंगण

मग ट्रेलसाठीच जन्मलेली टू-स्ट्रोक आणावी का? जगात तिची परंपरा सलग आहे. १९६८ मध्ये यामाहाने डीटी-१ आणली, २५० सीसीची, आणि सामान्य माणसाने रस्त्यावरून जाऊन रानात शिरायचा प्रकार अमेरिकेत लोकप्रिय झाला. प्रदूषणाच्या नियमांनी रस्त्यावरची टू-स्ट्रोक संपवली, तरी रानातली टिकली. यामाहाच्या वायझेड १२५ आणि २५० अजून बनतात. केटीएमने २०१७ मध्ये टू-स्ट्रोक एन्ड्युरोला फ्युएल इंजेक्शन दिलं, त्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल कालवायची कटकटही गेली. आपल्याकडे केटीएमने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पर्धेच्या गाड्या विक्रीला आणल्या, त्यात ५०, ६५ आणि ८५ एसएक्स या टू-स्ट्रोक आहेत. पण त्या मुलांच्या आणि किशोरांच्या मोटोक्रॉससाठी आहेत, आणि ८५ एसएक्सची किंमत तेव्हा सहा लाख ६९ हजार होती. ज्या ३०० ईएक्ससीची सगळ्यांना ओढ, ती इथे अधिकृतपणे विकली जात नाही. आणि कुणी आणलीच, तरी बीएस-६ चं प्रमाणपत्र नसलेली गाडी नोंदवता येत नाही.

‘नोंदणी नसली तर काय झालं, गाडी पिकअपमध्ये टाकून न्यायची आणि ट्रेलवर उतरवायची,’ हा तिसरा आक्षेप. इथे कायद्यातली एक व्याख्या बघण्यासारखी आहे. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवायला बंदी आहे, आणि सार्वजनिक ठिकाण म्हणजे फक्त डांबरी रस्ता नव्हे. जिथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे अशी कोणतीही वाट त्यात येते, ती रहदारीची असो वा नसो. गावनकाशावरची पाणंद त्यात येते. त्या पाणंदीवर गवताचा भारा घेतलेली बाई अचानक समोर आली आणि धडक बसली, तर नोंदणी नसलेल्या गाडीला तिसऱ्या पक्षाचा विमाही नसतो. भरपाई कुठून द्यायची? लाखोंची गाडी बाळगणाऱ्याला हा प्रश्न गैरसोयीचा वाटेल, पण तो त्या बाईच्या बाजूने विचारायचा प्रश्न आहे. कुंपणाच्या आतली खासगी जमीन, मालकाची परवानगी, शर्यतीचा आखलेला ट्रॅक, ही खऱ्या टू-स्ट्रोकची जागा. तिथे तिला तोड नाही. आणि कोल्हापूरला ही व्यवस्था परकी नाही. हुपरीजवळच्या मोहिते रेसिंग ॲकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय पातळीच्या रोटॅक्स कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत, आणि रोटॅक्स मॅक्सचं १२५ सीसीचं इंजिन टू-स्ट्रोकच आहे. धूर आणि आवाज तिथे कुणाला खुपत नाही, कारण ते आपल्या जागी आहेत.

धुराचा विषय निघालाच आहे तर चौथा आक्षेप : जिल्ह्यात उसाचे इतके ट्रॅक्टर, ट्रक फिरत असताना मूठभर टू-स्ट्रोकनी असं काय बिघडणार? हवेच्या एकूण हिशोबात फार नाही, हे मान्य. टू-स्ट्रोकचं तत्त्वच वाईट असंही नाही, इंजेक्शनच्या गाड्यांनी ते दाखवून दिलं आहे. पण रानवाटेचा हिशोब टनांत होत नाही, जागेवर होतो. राधानगरी अभयारण्य १९५८ पासून गव्यांसाठी राखलेलं आहे आणि कास, कोयना, चांदोली यांच्यासोबत ते २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत गेलं. तिथे परवानगीशिवाय शिरणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, मग गाडी दोन स्ट्रोकची असो की चार. मसाई पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे. जांभ्याच्या सड्यावर माती बोटभरच असते, तीत पावसाळ्याच्या अखेरीस गेंद, सीतेची आसवं यांसारखी इवली रोपं उगवून, फुलून, बी टाकून काही आठवड्यांत संपतात. गोटीच्या टायरचा एक ओला ओरखडा ती माती खडकापर्यंत उकरतो आणि पुढच्या पावसात तिथूनच ओघळ धरतो. गुरं तिथे चरतात, हे खरं. पण गुराचा खूर एका जागी गरगर फिरत नाही. तेव्हा सडे आणि अभयारण्यं वगळायची आणि उरलेल्या पाणंदी, गाडीवाटा, बंद पडलेले जुने रस्ते यांवर फिरायचं. तिथे गावकऱ्यांची सहनशीलता हाच आपला परवाना असतो, आणि कर्कश आवाजाची गाडी तो सर्वांत लवकर रद्द करते.

राहिला पाचवा आणि सर्वांत सच्चा आक्षेप : फोर-स्ट्रोक जड असते. असते. हीरोची एक्सपल्स २०० ४व्ही १५८ किलोची, म्हणजे आरएक्सपेक्षा अर्ध्याहून जास्त वजन वर. नवी हिमालयन १९६ किलोची, तिला एकट्याने ट्रेलवर नेणं म्हणजे कमरेशी वैर. पण ‘फोर-स्ट्रोक’ या एका नावाखाली दोन्ही गाड्या घालता येत नाहीत. कावासाकीची केएलएक्स २३० भारतात डिसेंबर २०२४ मध्ये तीन लाख ३० हजारांना आली आणि पुढे किंमत बरीच उतरली. तिचं वजन १३९ किलो आहे. एक्सपल्सच्या प्रो आवृत्तीत पुढचा शॉकअप २५० मिलिमीटर आणि मागचा २२० मिलिमीटर चालतो, पोट जमिनीपासून २७० मिलिमीटर उंच असतं, आणि हे सगळं कंपनीकडून नोंदणीसह मिळतं. ८९१ मिलिमीटर उंचीची सीट बुटक्या माणसाला जाचते, त्याने साधी आवृत्ती घ्यावी. तिची ओढ १७.३५ न्यूटन-मीटर, आरएक्सच्या दहापेक्षा दीडपटीहून जास्त, आणि दोन्ही गाड्यांना ती साडेसहा हजार आरपीएमलाच मिळते. फरक असा, की फोर-स्ट्रोकला खालीही पुरेसं उरतं आणि उतारावर इंजिन गाडी धरून ठेवतं. जास्तीचे चाळीस-पन्नास किलो त्या बदल्यात सोसायचे. हलकेपणा हेच सर्वस्व मानणाऱ्यांसाठी विजेची वाटही उघडते आहे. बंगळुरूच्या अल्ट्राव्हायोलेटने २०२५ मध्ये जाहीर केलेली शॉकवेव्ह १२० किलोची आहे. तिला पहिल्या इंचापासून ओढ मिळते आणि आवाज जवळपास नसतो. गवा दचकत नाही आणि गावही.

तेव्हा निवडीचा क्रम असा लागतो. आधी जागा ठरवावी. घरापासून गाडी चालवत जाऊन पाणंदी, घाट, गाडीवाटा करायच्या असतील, तर नोंदणीची हलकी फोर-स्ट्रोक घ्यावी. पैसे उरले तर ते आधी टायर, हँडगार्ड, इंजिनखालची बॅशप्लेट आणि चांगले बूट यांवर घालावेत, ताकद वाढवण्यावर नंतर. आरएक्स हातात असेल तर ती मूळ रूपात जपावी, डांबरी आणि कच्च्या सपाट रस्त्यांवर फिरवावी, जांभ्याच्या पायऱ्यांवर घालू नये. विकत घ्यायची असेल तर चमकत्या रंगाआधी चेसिस आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडावेत. थंड इंजिनवर किक मारून पाहावी, बोअर-पिस्टन चांगला असेल तर ती पायाखाली ताठ लागते. गरम झाल्यावर न्यूट्रलमध्ये गाडी चढत्या आरपीएमवर अडकून राहत असेल तर क्रँकच्या ऑइल सीलमधून हवा शिरते आहे आणि सीझ होण्याची ती पूर्वसूचना आहे. या दोन गोष्टींना सर्वांत जास्त वेळ द्यावा. आणि ज्याच्याकडे स्वतःचं माळरान आहे, मुलामा आणि पिस्टनचा खर्च झेपतो, त्याने मात्र खुशाल स्पर्धेची टू-स्ट्रोक घ्यावी. त्याला या लेखातला एकही आक्षेप लागू होत नाही.

अडचण एवढीच, की अशा माणसांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असते आणि नाद मात्र हजारोंना असतो. त्यावर उपाय गाडीत सापडणार नाही, जमिनीत सापडेल. या शहराला कुस्तीचा नाद होता, तेव्हा राजर्षी शाहूंनी तो गल्लीबोळांत मारामाऱ्यांवर सोडला नाही, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान बांधून दिलं. टू-स्ट्रोकच्या नादालाही तेच हवं आहे : शहराबाहेर, लोकवस्ती आणि जंगल दोन्हींपासून दूर, मुरमाड पडीक जमिनीवर आखलेला मातीचा ट्रॅक, जिथे तासाचे पैसे देऊन क्लबची गाडी चालवता येईल आणि जिथे उद्यमनगरच्या कारागिराला निकेलचा मुलामा शिकायचं व्यावहारिक कारण मिळेल. कार्टिंगने इथे हे करून दाखवलं आहे. कारखानदारांना, साखरसम्राटांना, महापालिकेला अशी दहा-वीस एकर जमीन मिळवणं अशक्य नाही. ती मिळाली तर ट्रेलसाठी टू-स्ट्रोक घ्यावी का, या प्रश्नाचं उत्तर बदलेल. तोवर उत्तर फोर-स्ट्रोक हेच आहे, आणि ते देताना टू-स्ट्रोकचा अपमान होत नाही.